दिनविशेष : २१ जुलै १९२५
डेटनच्या कोर्टातला निकाल

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील डेटन या लहानशा गावात, रे काउंटीच्या न्यायालयात, १९२५ साली आजच्या दिवशी जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकाला दोषी ठरवण्यात आले. सरकारी शाळेत उत्क्रांतिवाद शिकवला, एवढाच त्याचा गुन्हा! ज्युरीने अवघ्या नऊ मिनिटांत निर्णय दिला आणि न्यायाधीश जॉन रॉलस्टन यांनी १०० डॉलर दंड ठोठावला.

१८९१ साली बांधलेली न्यायालयाची ही लाल विटांची, मनोऱ्याची इमारत खटला सुरू झाला त्या १० जुलैपासून गर्दीने फुलून गेली होती. शिकागोच्या ‘डब्ल्यूजीएन’ केंद्राने खटल्याचे कामकाज रेडिओवरून थेट ऐकवले. २० जुलैला असह्य उकाडा आणि गर्दीचा भार यांमुळे कामकाज आवारातल्या हिरवळीवर हलवावे लागले. तिथे झाडांच्या सावलीत बचाव पक्षाचे क्लॅरेन्स डॅरो यांनी फिर्यादी पक्षाचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांची उलटतपासणी घेतली. निकालानंतर पाचच दिवसांनी, २६ जुलैला, ब्रायन यांचे डेटनमध्येच निधन झाले.

दंड ज्युरीऐवजी न्यायाधीशांनी ठरवला, या तांत्रिक मुद्द्यावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये शिक्षा रद्द केली. उत्क्रांतिवाद शिकवण्यास बंदी घालणारा मूळ कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला.

१९७६ मध्ये डेटनच्या न्यायालयाची ही वास्तू राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक ठरली. तिच्या तळघरात आता खटल्याचे संग्रहालय आहे. शिक्षकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न साऱ्या देशासमोर आणणारे हे गावातले न्यायालय जपले गेले, हे फार मोलाचे आहे.