नऊने सुरू होणारा नंबर

२०१९च्या मार्चमध्ये, न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, ओट्यावर लॅपटॉप उघडून नवऱ्याने मला विचारलं, "गेल्या वर्षी तुझी कमाई किती झाली गं?"

मला हसू आलं. २०१८मध्ये मी सांगलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होते. पगार कसला, तासाचे पैसे, तेही चार-पाच महिन्यांनी. डिसेंबरात लग्न झालं, फेब्रुवारीत मी अमेरिकेत आले. ज्या वर्षाचा हिशेब चालला होता, त्या वर्षी मी त्या देशात एक दिवसही नव्हते. तरीही माझ्या तासांचे रुपये डॉलरमध्ये मोजून त्याच्या फॉर्मवर चढले.

कारण साधं होतं. ३१ डिसेंबरला तुमचं लग्न झालेलं असेल, तर अमेरिकी कर खातं तुम्हाला वर्षभर विवाहित धरतं. नवरा-बायकोने एकत्र फॉर्म भरला, तर त्या वर्षी २४ हजार डॉलर उत्पन्नावर सूट होती. वेगवेगळा भरला तर त्याला फक्त १२ हजार. पण परदेशात राहणाऱ्या बायकोसोबत एकत्र फॉर्म भरता येत नाही. त्यासाठी १९७६च्या कायद्याने एक वाट ठेवली आहे. दोघांनी सही करून लिहून द्यायचं, की बायकोलाही अमेरिकेची रहिवासी धरा आणि तिच्या जगभरातल्या कमाईवर कर लावा. मी सही केली. सांगलीत फळ्यासमोर उभी असलेली मी, कागदावर मागच्या तारखेने अमेरिकेची रहिवासी झाले.

आता मला नंबर हवा होता. एच-४ व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. अशा लोकांसाठी कर खात्याने १९९६मध्ये वेगळा नंबर काढला, आयटिन. तोही नऊ आकडी, पण पहिला आकडा कायम ९. तो फक्त करासाठी. त्यावर नोकरी मिळत नाही, देशात राहायचा हक्कही मिळत नाही. काही आठवड्यांनी पत्र आलं. अमेरिकेत माझ्या नावाने आलेलं ते पहिलं पत्र.

घरी बसून मी वाचायला लागले. इतिहास शिकवायची सवय. कोणताही नियम दिसला की तो कधी आला, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही.

अमेरिकेचा आजचा आयकर १९१३चा. त्या कायद्यात सुरुवातीपासूनच दोघांवर कर होता: नागरिक कुठेही राहत असला तरी त्याच्यावर, आणि अमेरिकेत राहणाऱ्यावर, तो नागरिक नसला तरी. म्हणजे पैसे घेताना नागरिकत्व आड येत नव्हतं. अर्थात तेव्हा एकट्या माणसाला तीन हजार डॉलरपर्यंत आणि जोडीदारासोबत राहणाऱ्याला चार हजारांपर्यंत कर नव्हता. कॅलिफोर्नियाच्या शेतांत आणि वायव्येच्या लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांपर्यंत तो पोचतच नव्हता.

त्यांचा प्रश्न वेगळा होता. १९२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला, की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. पहिल्या महायुद्धात थिंद यांनी अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केली होती. तरी उत्तर तेच.

मग दुसरं महायुद्ध आलं. खर्च भागवायला सरकारने करमाफीची मर्यादा खाली आणली. १९४२मध्ये एकट्या माणसासाठी ती ५०० डॉलर झाली. १९४३पासून कर थेट पगारातून कापला जाऊ लागला. श्रीमंतांचा कर आता कामगारांचा झाला. आणि १९४४मध्ये, पोसलेल्या प्रत्येक माणसामागे ५०० डॉलरची सूट देताना, कायद्यात एक अट घातली गेली: तो माणूस परदेशी नागरिक असेल, तर तो अमेरिकेत किंवा सीमेला लागून असलेल्या देशात राहणारा हवा. म्हणजे कॅनडा किंवा मेक्सिको. मेक्सिकोतली आई चालेल, जालंधरची चालणार नाही. भारतीयांना नागरिक होण्याचं दार उघडलं १९४६मध्ये. कराने त्यांना त्याआधीच गाठलं होतं.

१९८६च्या कायद्याने पाच वर्षांवरच्या मुलांचे नंबर फॉर्मवर लिहिणं सक्तीचं केलं, तेव्हा पुढच्या फॉर्मांवरून सुमारे ७० लाख मुलं गायब झाली. कुणी घटस्फोटानंतर एकच मूल दोघांच्या नावे दाखवलं होतं, कुणी मुळात नसलेलं. नंबर मागण्यामागे कारण होतं, हे मान्य करायला हवं. पण तेव्हापासून घरातला माणूस म्हणजे नंबर, असं झालं.

हे सगळं मला गमतीचं वाटत होतं. २०२०पर्यंत.

२०१९च्या डिसेंबरात आमची मुलगी झाली. जन्मतःच अमेरिकी नागरिक, काही आठवड्यांत तिचा नंबरही आला. मग करोना आला. मार्चमध्ये काँग्रेसने मदत मंजूर केली: माणशी १,२०० डॉलर, मुलामागे ५००. ओळखीच्यांच्या खात्यात पैसे जमा झाले. आमच्या नाही. त्या कायद्यात लिहिलं होतं, की एकत्र फॉर्म भरणाऱ्या जोडप्यात एकाचाही सोशल सिक्युरिटी नंबर नसेल, तर घरातल्या कुणालाच काही मिळणार नाही. सैन्यातल्यांना तेवढी सवलत होती. नवऱ्याचे १,२०० गेले, मुलीचे ५००ही गेले. माझ्या नऊमुळे.

त्याच्या कंपनीने पगार कापले होते. एका रात्री तो म्हणाला, "वेगळा फॉर्म भरला असता तर निदान माझे तरी आले असते." तो हिशेबाचं बोलत होता. मला मात्र ते लागलं. बाळाला मांडीवर घेऊन मी बराच वेळ काही बोलले नाही. या घरात मी एक खर्चाची बाब आहे, असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. तो समजला. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आला आणि म्हणाला, "तासिकेचे पैसे धरले होते की गं आपण. तेव्हा तू कशी चाललीस त्यांना?"

मला तेच म्हणायचं होतं.

डिसेंबर २०२०मध्ये नवा कायदा झाला आणि ती चूक मागच्या तारखेने दुरुस्त झाली. २०२१च्या वसंतात फॉर्म भरल्यावर नवऱ्याचे आणि मुलीचे पैसे आले. माझे नाहीत. पुढे २०२२मध्ये मला कामाचा परवाना मिळाला, त्यासोबत सोशल सिक्युरिटी नंबरही. जुना नंबर नव्यात मिळवून घ्या, असं पत्र मी खात्याला पाठवलं. कायदा पुन्हा हललाच: २०२५पासून मुलाच्या सवलतीसाठी मुलासोबत आई-बापांपैकी किमान एकाचाही सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. ज्या घरात दोघांचेही नंबर नऊने सुरू होतात, तिथे मूल जन्माने नागरिक असूनही सवलत नाही.

तुमच्यापैकी कुणी लग्न करून असं जाणार असेल, तर वर्षभराच्या पगाराच्या पावत्या सोबत न्या. तासिकेच्यासुद्धा.

यंदाही आम्ही ओट्यावरच फॉर्म भरला. अवलंबितांच्या रकान्यात एकच नाव, मुलीचं. मिरजेला सासूबाईंच्या औषधांचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला जातात. ते कुठल्याच रकान्यात येत नाहीत.