कोलकात्याची सांख्यिकी आणि देशाचे नियोजन

स्वतंत्र भारताच्या पंचवार्षिक योजनांचा विषय निघाला की दृष्टी साहजिकच दिल्लीकडे वळते. तथापि दुसऱ्या योजनेचा वैचारिक पाया कोलकात्यात घातला गेला आणि त्या कार्याशी चिंतामणराव देशमुख व धनंजयराव गाडगीळ या दोन महाराष्ट्रीय विद्वानांचा निकटचा संबंध होता.

प्रशांतचंद्र महालनोबीस हे प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. तेथील छोट्या प्रयोगशाळेतून १७ डिसेंबर १९३१ रोजी भारतीय सांख्यिकी संस्थेचा जन्म झाला. १९३७ पासून संस्थेने बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज बांधण्याचे काम हाती घेतले. प्रत्येक शेत मोजणे अशक्य होते. म्हणून यदृच्छेने काही तुकडे निवडून त्यांवरून संपूर्ण प्रांताचे अनुमान काढले जाई. एकाच प्रदेशात दोन तुकड्या स्वतंत्रपणे पाहणी करीत आणि त्यांच्या आकड्यांतील तफावतीवरून चुकीचा अदमास घेतला जाई. १९४३ च्या भीषण दुष्काळानंतर याच संस्थेने उद्ध्वस्त कुटुंबांची पाहणी केली. कोलकात्यातील या अभ्यासकांना आकड्यांमागची माणसे ठाऊक होती.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर देशमुख १९४५ साली या संस्थेचे अध्यक्ष झाले आणि १९६४ पर्यंत त्या पदावर राहिले. १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्षपद महालनोबीसांकडे होते. पुण्याच्या गोखले संस्थेचे गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य होते. देशाचे उत्पन्न किती, हेच निश्चित नसताना ते किती वाढवायचे हे ठरविणार कसे, हा मूलभूत प्रश्न होता. १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी ही त्याच गरजेतून उभी राहिली.

नोव्हेंबर १९५४ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते संस्थेत नियोजनविषयक अभ्यासाचा प्रारंभ झाला आणि मार्च १९५५ मध्ये महालनोबीसांनी दुसऱ्या योजनेचा आराखडा सादर केला. त्याचे सूत्र शेतकऱ्यालाही कळेल असे होते : आजचे सगळे धान्य खाऊन टाकले, तर पेरायला बियाणे उरत नाही. यंत्रे निर्माण करणाऱ्या उद्योगांत अधिक भांडवल गुंतविल्यास उपभोग्य वस्तूंची वाढ आरंभी मंद राहील. मात्र पुढे ती अधिक वेगाने होईल. तोवर कापड आदी नित्योपयोगी वस्तू व रोजगार यांचा भार गृहोद्योगांनी उचलावा, अशी कल्पना होती. १९५६ ते १९६१ या काळासाठी सरकारी क्षेत्रातील ४,८०० कोटी रुपयांचा खर्च आणि राष्ट्रीय उत्पन्नात २५ टक्के वाढ, असे लक्ष्य ठरले. भिलाई, राउरकेला व दुर्गापूर येथील पोलाद कारखाने हे या धोरणाचे दृश्य रूप होय.

मतभेदही तेव्हाच प्रकट झाले. मुंबई विद्यापीठातील सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांचा आक्षेप मर्मग्राही होता : यंत्र घडविणाऱ्या मजुराला आज अन्न व वस्त्र हवे, त्यांचा पुरवठा वाढविल्याखेरीज भांडवलाची उभारणी टिकणार नाही. अनुभवाने या इशाऱ्याला पुष्टी दिली. १९५७ मध्ये परकीय चलनाची तीव्र टंचाई जाणवली. अन्नधान्यासाठी अमेरिकेवरील अवलंबित्व वाढले. १९६५ व १९६६ च्या अवर्षणांनंतर तर नव्या पंचवार्षिक योजनेला १९६९ पर्यंत थांबावे लागले.

याच कठीण काळात, १९६७ साली, गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय साहाय्याला त्यांनी निश्चित निकष दिले : ६० टक्के वाटा लोकसंख्येनुसार, तर १० टक्के दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीहून कमी असलेल्या राज्यांना, उरलेला करवसुलीचे प्रयत्न, मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्यांचे विशेष प्रश्न पाहून. देशाची संपत्ती किती वाढावी, या प्रश्नाबरोबरच ती कोणाच्या वाट्याला यावी, हा प्रश्नही नियोजनाचा झाला.

महालनोबीसांच्या आराखड्याने देशाला पोलाद व यंत्रे दिली. शेतीचे मोल मात्र त्यात उणे धरले गेले. ही उणीव ज्या साधनांनी मोजता आली, त्यांतील एक प्रमुख साधन त्यांनीच घडविलेले होते. नियोजन आयोग २०१५ मध्ये इतिहासजमा झाला. राष्ट्रीय नमुना पाहणीचे गणक मात्र आजही गावोगावी घरांची दारे ठोठावून कुटुंबाचा खर्च विचारीत आहेत.