वाटेवरचा रामराम

राजदरबारांतील मुजरा, कुर्निसात आणि नजराणा यांविषयीं आमच्या इतिहासग्रंथांत पुष्कळ लिहिलेलें आढळतें. परंतु दोन अनोळखी माणसें आडरानांत समोरासमोर आलीं म्हणजे एकमेकांस काय म्हणत, या प्रश्नाकडे इतिहासकारांचें लक्ष क्वचितच जातें. दरबारी मुजऱ्याचा अर्थ उघड आहे. खालच्यानें वरच्यापुढें वाकावयाचें. वाटेवरच्या रामरामाचा अर्थ तितका सोपा नाहीं. कारण समोरचा कोण, कोठला, हें ठाऊक होण्यापूर्वींच तो तोंडांतून निघतो.

धाराशिव जिल्ह्यांतील एखाद्या अरुंद रस्त्यावर आजही एक दृश्य दिसतें. एस. टी.चा चालक समोरून आपल्या मंडळाची गाडी येतांना पाहतो, आणि सुकाणूवरचा एक हात किंचित् वर उचलतो; समोरचाही तसेंच करतो. दोघांची ओळख असेलच असें नाहीं. जीपवाले जीपवाल्यांस आणि बुलेटवाले बुलेटवाल्यांस असाच हात करतात. ही चाल पाश्चात्त्य मोटारवाल्यांकडून आली, असें कित्येक सुशिक्षित समजतात. हात करण्याची ढब कोठूनही आलेली असो. त्यामागची गरज मात्र आमच्या वाटांइतकीच जुनी आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

या वाटा किती जुन्या, याची साक्ष तेर देतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनांत ‘तगर’ म्हणून ज्या नगराचा उल्लेख आहे, तें नगर म्हणजे धाराशिव तालुक्यांतील आजचें तेर होय. पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तें होतें. तेथील जाडेंभरडें कापड व मलमल गाड्यांत घालून, जेथें धड रस्ता नाहीं अशा मुलखांतून, भडोचच्या बंदरापर्यंत नेत. अशा प्रवासांत समोरून येणारी गाडी म्हणजे केवळ गाडी नव्हे. पुढची नदी उतारास आली कीं नाहीं, चारापाणी कोठें मिळेल, वाटमारे कोणत्या खिंडींत आहेत, हें सांगणारें तेंच एक वर्तमानपत्र होतें. रामराम घालावयाचा तो बोलणें सुरू व्हावें म्हणून. पुढील प्रश्न ठरलेलाच असे: ‘कोणत्या गांवचे पाव्हणं?’

येथें एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. वाटेवर सर्व समान, असें मानावयास आपणांस आवडतें. पण जातिभेद वाटेवरही सुटला नव्हता. इतरांनीं ‘रामराम’ म्हणावें आणि महारांनीं ‘जोहार’ करावा, अशी रूढि होती. म्हणजे तोंडांतून पहिला शब्द निघतांच माणसाची पायरी ठरत असे. पुढें ‘जोहार’ टाकून लोकांनीं ‘जयभीम’ स्वीकारला, त्याचें मर्म यांत आहे. अभिवादन बदलणें ही लहान क्रांति नव्हे.

नमस्कारांत बातमी कशी दडलेली असते, याचें एक गमतीचें उदाहरण इंग्लंडांत सांपडतें. 1905 सालीं तेथें मोटारवाल्यांनीं ‘ऑटोमोबाइल असोसिएशन’ ही संस्था काढली. वेग मोजण्यासाठीं पोलीस कोठें दबा धरून बसले आहेत, याची वर्दी तिचे सायकलस्वार शिपाई सभासदांस देत. अशी वर्दी देणें म्हणजे पोलिसांच्या कामांत अडथळा आणणें होय, असा न्यायालयाचा निकाल 1910 सालीं झाला. तेव्हां संस्थेनें नामी युक्ति योजिली. वाट मोकळी असेल तर मोटारीवरील संस्थेचें चिन्ह पाहून शिपायानें सलाम करावा. पुढें धोका असेल तर करूं नये! सलाम केला नाहीं म्हणून शिक्षा कोणास करणार? आमचे ट्रकवाले भर दुपारीं दिवे मिचकावून समोरच्यास जें कळवितात, तें याच जातीचें आहे. फरक इतकाच कीं, त्यासाठीं त्यांना कोणत्याही संस्थेची वर्गणी भरावी लागत नाहीं.

मोटार आमच्या भागांत सरकारी रूपानें आली ती निजामी राज्यांत. 1932 सालीं निजामाच्या रेल्वेखात्यानें सत्तावीस बसगाड्या आणि 166 नोकर घेऊन वाहतूक सुरू केली. मुंबई राज्याची पहिली एस. टी. 1 जून 1948 रोजीं पुण्याहून नगरास गेली. त्या दिवशीं तुळजापूर निजामाकडे आणि सोलापूर मुंबईकडे होतें. 17 सप्टेंबरला निजामी सत्ता संपली, आणि 1956 सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. एकाच देवीच्या वाटेवरील दोन गांवें एका राज्यांत येण्यास इतका काळ लागला.

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, भूम, परांडा आणि कळंब या आगारांतून सुटणाऱ्या गाड्यांच्या चालकांत जी हात करण्याची रीत रुजली, ती मला जुन्या रामरामाची खरी वारस वाटते. खिशांत दूरध्वनि नव्हता तेव्हां दोन गाड्या खिडकीस खिडकी लावून थांबत. पुढें ओढ्याला पाणी आलें आहे, अमकी गाडी बंद पडून उतारू खोळंबले आहेत, हा निरोप आगारांत पोंचवा, एवढें बोलणें होई. आंतले उतारू चरफडत. पण उद्यां आपणच खोळंबलों तर हाच निरोप आपल्या कामीं येईल, हें त्यांनाही कळत असे.

जीपवाल्यांचा व बुलेटवाल्यांचा हात मात्र थोडा निराळा. तो वाटसरूस नसतो, वाहनास असतो. त्यांत पंथाची खूण आहे. एवढ्यावरून त्याला हिणविण्याचें कारण नाहीं. वारकऱ्याच्या गळ्यांतील तुळशीची माळ हीही पंथाचीच खूण. परंतु दोन वारकरी भेटले म्हणजे दोघेही एकमेकांच्या पायांवर वाकतात. वय, जात, श्रीमंती पाहत नाहींत. गोरोबाकाकांची समाधि ज्या तेरमध्यें आहे, तेथें हें कोणास शिकवावें लागत नाहीं. माळ घालण्यास कोणासही मज्जाव नाहीं. जीप विकत घेण्यास पैसा लागतो. पहिल्या खुणेपेक्षां दुसरी मला उणी वाटते, ती एवढ्याचसाठीं.

आतां सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येरमाळा असा जाणारा महामार्ग चौपदरी झाला आहे. मध्यें दुभाजक आहे. समोरची गाडी पलीकडच्या काठानें, काचा लावून, निघून जाते. तिच्या चालकाचा चेहरा दिसत नाहीं, मग हात कोणास करावयाचा? अपघात टळावेत म्हणून हें व्हावयासच हवें होतें. हात वर होतो तो अद्याप भूम-परांड्याकडील एकपदरी रस्त्यांवर, जेथें दोघांपैकीं एकास चाक खालीं उतरवून वाट द्यावी लागते.

आश्विन पौर्णिमेस तुळजापुरास पायीं जाणाऱ्यांची इतकी दाटी होते कीं सोलापूरच्या रस्त्यावरील वाहनें दुसरीकडून वळवावीं लागतात. सोलापूरकडून आणि कर्नाटकांतून आलेले लोक कवड्यांच्या माळा घालून रात्रभर चालतात. मागून एका जथ्याची ‘आई राजा उदो उदो’ अशी आरोळी येते, आणि पुढचा जथा, मागें कोण आहे हें न पाहतांच, तिला उत्तर देतो.