दोन दत्तक राजे आणि त्यांचें शिक्षण

हल्लीं अधिकाऱ्यांच्या शिक्षणवर्गांत जिज्ञासेचा मोठा गौरव चालतो. ज्यास चार माणसांवर हुकूम चालवावयाचा, त्यानें सतत प्रश्न विचारीत राहावें, म्हणजे त्याची वाढ होत राहते, असें तेथें सांगतात. बोलणें खोटें नाहीं. पण प्रश्न कोणीं विचारावयाचे आणि उत्तर कोणाच्या पदरीं पडावयाचें, हा जो खरा मुद्दा तो बहुधा राहून जातो. आम्हांस तो सुचला पारशिवनीच्या निमित्तानें. पेंच नदीच्या खोऱ्यांतील हें तालुक्याचें गांव पूर्वीं नागपूरकर भोसल्यांच्या मुलुखांतलें. त्या मुलुखाची जुनी माहिती चाळीत असतां एका अल्पवयी राजाची हकीकत समोर आली, आणि तिच्या शेजारीं दुसऱ्या एका राजाची ठेवून पाहावी असें वाटलें.

सन १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीची लढाई झाली व पुढच्याच वर्षीं इंग्रजांनीं आप्पासाहेब भोसल्यांस पदच्युत केलें. दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा, वय सुमारें दहा वर्षांचें, दत्तविधान होऊन तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसला. राजवाड्याची व्यवस्था बांकाबाईंकडे राहिली. राज्याचा कारभार मात्र रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यानें हातीं घेतला, तो १८२६ पर्यंत सोडला नाहीं. हा जेंकिन्स विलक्षण चौकस गृहस्थ. जमिनीचे प्रकार, पिकें, सारा, जाती, न्यायनिवाड्याच्या चाली, जें जें विचारण्याजोगें तें तें त्यानें विचारून घेतलें. त्याचा विस्तृत अहवाल १८२७ सालीं कलकत्त्यास छापून निघाला, व नागपूर प्रांताचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास आजही त्यावांचून गत्यंतर नाहीं. त्याच्या कष्टांविषयीं आम्हांस आदर आहे.

पण एक गोष्ट मनांतून जात नाहीं. ज्याच्या राज्याची ही पाहणी, तो मुलगा त्याच काळीं नागपुरांत वाढत होता, आणि अहवाल होता इंग्रजींत, कलकत्त्याच्या सरकारासाठीं. राज्य रघूजींचें आणि जिज्ञासा रेसिडेंटाची! १८२६ त त्यांस अधिकार मिळाले, तेही अटींनीं जखडलेले. ११ डिसेंबर १८५३ रोजीं ते निपुत्रिक वारले, आणि पुढच्या वर्षीं डलहौसीनें राज्य खालसा केलें. याचा दोष कोणाच्या शिक्षणावर टाकण्याचा आमचा हेतु नाहीं. औरस पुत्र नव्हता आणि डलहौसीस निमित्त हवें होतें. राजा कितीही बहुश्रुत असता तरी निकाल बहुधा तोच लागता. तथापि मुलुखाचें ज्ञान एका हातीं आणि मुलुखाचें नांव दुसऱ्याच्या माथीं, अशी वांटणी झाली म्हणजे पहिला हात बळावत जातो, इतकें या हकीकतींत दिसतें.

आतां दुसरी हकीकत. १८७५ च्या एप्रिलांत बडोद्याचे मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनीं २७ मे रोजीं नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवच्या काशीरावांचा मुलगा गोपाळ दत्तक घेतला, तेच सयाजीराव. "तूं येथें कशास आलास?" या प्रश्नास मुलानें "राज्य करण्यास" असें उत्तर दिल्याची आख्यायिका सर्वांच्या तोंडीं आहे. आम्हांस मात्र त्या उत्तरापेक्षां पुढची सहा वर्षें अधिक मोलाचीं वाटतात. वय बारा, शेतकऱ्याचें घर, अक्षरांशीं ओळख नाहीं, आणि एकदम मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी या चार भाषा! एलियट हे त्यांचे शिक्षक. दिवाण सर टी. माधवराव यांनीं अधिकारग्रहणापूर्वीं राजधर्मावर व्याख्यानें दिलीं, तीं पुढें पुस्तकरूपानें छापलीं. येथेंही शिकविणारे इंग्रज सरकारच्या पसंतीचे, आणि आज्ञाधारक राजा घडावा हीच सरकारची अपेक्षा. मग फरक पडला कोठें?

तो पडला असें आम्हांस वाटतें २८ डिसेंबर १८८१ नंतर. त्या दिवशीं राज्याधिकार मिळाले आणि शिकवणी संपली. पण विद्यार्थी उठला नाहीं. गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा ग्रंथ वाचतांना त्यांनीं केलेलीं टिपणें १८९६ त प्रसिद्ध झालीं. राजानें रोमच्या पडझडीवर टिपणें काढावीं, ही साधी करमणूक नव्हे. १८८७ पासून युरोपच्या वाऱ्या सुरू झाल्या. त्यांवर पुष्कळ टीका झाली, ती सगळीच अनाठायीं नव्हती. खर्च रयतेचा आणि राजा परदेशीं, ही तक्रार ऐकून घेण्यासारखीच आहे. १९०० सालीं कर्झननें संस्थानिकांच्या परदेशगमनास परवानगीची अट घातली, तेव्हां ती सयाजीरावांस फार झोंबली. परंतु त्यांनीं तिकडे जें पाहिलें त्यांतलें कांहीं गांवांपर्यंत पोंचलें. १८९३ त अमरेली महालांत दहा गांवीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें करून पाहिलें. तेरा वर्षांनीं, १९०६ त, तेंच सर्व राज्यास लागू झालें. आधीं दहा गांवीं पाहावें, मग हुकूम काढावा, ही सावधगिरी हुकूम काढण्याची सत्ता हातीं असलेल्या पुरुषाजवळ क्वचित आढळते. अमेरिकेंतील ग्रंथालयें पाहून १९१० त बॉर्डन नांवाचे तज्ज्ञ त्यांनीं बडोद्यास आणविले, आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांतून फिरूं लागल्या. जेंकिन्सनें खेड्यांतून माहिती बाहेर नेली होती. येथें ती पेटींत भरून खेड्यांत जात होती.

आणखी एक हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १८८९ सालीं गोविंद सखाराम सरदेसाई नांवाचे तेवीस वर्षांचे पदवीधर महाराजांचे वाचक म्हणून नोकरीस लागले. काम म्हणजे महाराजांस पुस्तकें वाचून दाखविणें व राजपुत्रांस शिकविणें. धन्याची भूक दांडगी, म्हणून चाकराच्या वाचनासही सीमा राहिली नाहीं. मॅकिआव्हेलीचा 'प्रिन्स' त्यांनीं १८९० त मराठींत आणला, सीलीचा इंग्लंडच्या विस्तारावरील ग्रंथ १८९३ त. राजपुत्रांस इतिहास शिकवितां शिकवितां टिपणें सांचत गेलीं, आणि १८९८ त त्यांतून मुसलमानी रियासत उभी राहिली. पाठोपाठ मराठी रियासतीचे भाग आले. राजास वाचून दाखविण्यासाठीं ठेवलेला मनुष्य महाराष्ट्राचा रियासतकार झाला. निवृत्तीनंतर कामशेतास राहून त्यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले. नागपूरकर भोसल्यांची हकीकत शोधणाऱ्यास त्या कागदांकडेही जावें लागतें.