घाटाची सडक आणि गाडी लागण्याचा विकार

सह्याद्रीच्या घाटांतून जाताना कोणाला गाडी लागली तर त्यात आपणांस काही नवल वाटत नाही. परंतु या विकारालाही इतिहास आहे, आणि तो आपल्या सडकांच्या इतिहासाशी निगडित आहे. देश आणि कोकण यांमधले दळणवळण जोवर बैलांच्या तांड्यांवर आणि वाटसरूच्या स्वतःच्या पायांवर अवलंबून होते, तोवर घाट चढणाऱ्याला दम लागे, तहान लागे, परंतु वळणांनी त्याचे पोट ढवळून निघत नसे; कारण पायी चालणाऱ्याची दृष्टी, पाऊल आणि तोल ही तिन्ही परस्परांशी सुसंगत असतात.

१८३० साली, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत, बोरघाटाची सडक चाकांच्या वाहनांसाठी खुली झाली, आणि पुढे इतर घाटांतूनही सरकारने अशा सडका काढल्या. चढ सौम्य राहावा म्हणून त्या डोंगराच्या अंगाने नागमोडी फिरवाव्या लागल्या. ज्या वळणांनी बैलांचे कष्ट हलके केले, तीच वळणे पुढे मोटारीचा वेग आल्यावर उतारूंना जाचक झाली.

कोकणच्या माणसाला मात्र या विकाराची ओळख त्याआधीच समुद्रावर झाली होती. पावसाळा संपून आगबोटी सुरू झाल्या की मुंबईचा चाकरमानी वळकटी घेऊन डेकवर जागा धरी. बहुतेक बंदरांत बोट काठाला लागत नसल्यामुळे उतरताना पुन्हा पडावाचे हेलकावे नशिबी येत. बोट लागू नये म्हणून आमसूल, लिंबू, सुंठ, आलेपाक असा शिधा घरची वडीलधारी माणसे आवर्जून बरोबर देत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि पुढे ही सेवा घाट उतरून गावोगाव पोहोचली, तेव्हा बोटीवरचा तोच शिधा एस.टी.च्या पिशवीत आला.

शास्त्राने या विकाराचे मूळ पोटात नव्हे, कानात शोधले. अंतःकर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय शरीर हलत असल्याची वर्दी देते, आणि गाडीच्या आत खिळलेली नजर सर्व स्थिर असल्याचे सांगते; या विसंवादातून मळमळ उद्भवते. ज्यांचे हे इंद्रिय निकामी असते, अशा कर्णबधिरांना समुद्रप्रवासाचा त्रास होत नाही, याकडे अमेरिकन विचारवंत विल्यम जेम्स यांनी १८८२ सालीच लक्ष वेधले होते. औषध सापडले ते मात्र योगायोगाने. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावर पित्त उठणाऱ्या एका गर्भवती स्त्रीला नवे औषध देण्यात आले असता, ट्राममध्ये नेहमी होणारी मळमळ त्या औषधाने थांबते असे तिच्या ध्यानी आले, त्यावरून डॉ. गे आणि डॉ. कार्लिनर यांनी सैनिकांच्या बोटीवर प्रयोग करून १९४९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका सामान्य स्त्रीच्या सूक्ष्म निरीक्षणातून निघालेला हा शोध मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या उपायांपैकी आल्याच्या गुणाविषयी संशोधकांत एकमत नाही. उपाशीपोटी निघण्याचा दंडक तर मला चुकीचाच वाटतो, कारण रिकामे पोट आणि तुडुंब पोट ही दोन्ही सारखीच बाधक असून हलका आहारच हितावह असतो. परंतु पुढची जागा आणि खिडकीचा वारा यांविषयीचा त्यांचा आग्रह सर्वस्वी रास्त होता. गाडी हाकणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही, कारण वळण येण्याआधीच ते त्याला दिसते. पुढे बसून दूरच्या रस्त्याकडे पाहणाऱ्यालाही त्या पूर्वसूचनेचा काही अंश लाभतो.

म्हणून घाटाची शोभा पाहावयास निघणाऱ्या कुटुंबांना माझी विनंती आहे की, ज्याला त्रास होतो त्याला पुढे बसवावे, त्याच्या हाती पुस्तक देऊ नये, औषध घ्यावयाचे तर ते वैद्याच्या सल्ल्याने, प्रवासापूर्वी अर्धा-एक तास घ्यावे, आणि त्याने झोप येत असल्यास गाडी चालवणाऱ्याने ते मुळीच घेऊ नये. आणि घाटात कोणी व्याकूळ होऊन थांबण्याची विनवणी केली, तर त्याला न हिणवता सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी.