धुराड्याचे अस्तर

इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या घरात लाकडावर चालणारी बंदिस्त शेगडी बसवताना कारागीर अंगणात स्टेनलेस स्टीलची लवचिक नळी लांब पसरतो. तिच्याभोवती सिरॅमिक तंतूंची पांढरी रजई गुंडाळतो, वरून तारेची जाळी ओढतो आणि छपरावर चढून ती नळी विटांच्या धुराड्यात सोडतो. ज्या वाटेने धूर बाहेर टाकायचा, त्या वाटेला पांघरूण कशाला? याचे उत्तर शोधायला 800 वर्षे मागे जावे लागते.

इंग्लंडमधल्या कॉनिसबरो किल्ल्याच्या बाराव्या शतकातल्या बुरुजात भिंतीच्या पोटातली धुराडी आजही दिसतात. साध्या घरांत मात्र चूल मधोमध असे आणि धूर छपरातून वाट काढी. विटांची धुराडी पुढे घरोघर पोहोचली. 1662 मध्ये तर इंग्लंडने दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवला. धुराड्याच्या विटांच्या सांध्यांतून धूर झिरपे, ठिणगी तुळईपर्यंत जाण्याची भीती असे. म्हणून गवंडी आतून चुना आणि गाईच्या शेणाचा गिलावा करत. शेणातल्या तंतूंमुळे तो तापला तरी सहसा तडकत नसे. घर शेणाने सारवणाऱ्या आपल्या मुलखाला हे गुण नवे नाहीत. धुराड्याचे जुने अस्तर ते हेच.

लाकूड महागले, कोळसा आला आणि धुराडी अरुंद झाली, बहुधा 9 इंच बाय 14 इंच. ती खरवडायला लहान मुले आत चढवली जात. या मुलांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी आहे, हे पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने 1775 मध्ये दाखवले. जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा वर्षांचा मुलगा धुराड्यात अडकून मेल्यानंतर, 1875 च्या कायद्याने ही प्रथा अखेर थांबली. धुराड्याच्या इतिहासातले हे पान वाचताना आजही गळा दाटतो.

कोळशाच्या धुरातले गंधक ओलाव्याशी मिळून आम्ल बने आणि चुन्याला खाई. म्हणून विसाव्या शतकात भाजलेल्या मातीच्या नळ्यांचे अस्तर आले. ब्रिटनच्या 1965 च्या बांधकाम नियमांनी नव्या धुराड्यांना अस्तर सक्तीचे केले.

दरम्यान चूल काटकसरी होत होती. रमफर्ड या शास्त्रज्ञाने 1796 मध्ये उघड्या चुलीचा गळा आवळून खोलीतली ऊब वाचवली. 1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत लाकडाच्या बंदिस्त शेगड्या पुन्हा घराघरांत आल्या. रात्रभर पुरावे म्हणून लोक त्यांची हवा कोंडत. धुमसत्या लाकडाचा संथ धूर उघड्या चुलीसाठी बांधलेल्या, शेगडीच्या मानाने रुंद आणि थंड धुराड्यात जाई. तो साधारण 120 अंश सेल्सिअसच्या खाली उतरला, की त्यातली वाफ आणि डांबरी द्रव्ये भिंतीवर बसत. याच काळ्या थराला क्रिओसोट म्हणतात. तो पेटला, तर धुराड्यात 1,100 अंशांपर्यंत आग भडकू शकते. 1988 मध्ये अमेरिकेने शेगड्यांच्या धुरावर मर्यादा घातली. नव्या शेगड्या धूर आतच जाळू लागल्या आणि वर जाणारी उष्णता आणखी घटली. शेगडीने वाचवलेली ऊब धुराड्याच्या वाट्यातूनच आली होती.

धुराड्याची ओढ या उष्णतेवरच चालते. आतली हवा गरम म्हणून हलकी, बाहेरची थंड म्हणून जड. हा फरक धुराला वर खेचतो. स्टीलची नळी आकाराने शेगडीला जुळते, पण पातळ धातू लगेच निवतो. म्हणून तिच्याभोवती सिरॅमिक रजई, किंवा व्हर्मिक्युलाइट हे उष्णतारोधक खनिज आणि सिमेंट यांचे मिश्रण. तंतूंत अडकलेली हवा उष्णता धरून ठेवते. आग लागलीच, तर तीच हवा आगीची धग विटांपलीकडच्या तुळईपर्यंत पोहोचू देत नाही. अमेरिकेच्या यूएल 1777 या मानकात अस्तराला सुमारे 1,150 अंशांचा ताप दहा-दहा मिनिटे, तीन वेळा सोसावा लागतो. खर्च वाचवायला रजई गाळणारा घरमालक याच दोन गोष्टींवर पाणी सोडतो: धुराची ओढ आणि घराची सुरक्षितता.

नळी खाली उतरते, तेव्हा विटांना चिकटलेल्या जुन्या गिलाव्याच्या खपल्या तिला घासून गळतात. चुना आणि शेण कालवणाऱ्या त्या गवंड्याला आग तुळईपासून लांब ठेवायची होती. रजई गुंडाळणारा कारागीर त्याचेच काम पुढे नेतो. धुराची ऊब राखण्याचे काम तेवढे नवे आहे.