डाव्या हाताचा नेमबाज

हंगेरीच्या सैन्यातील सार्जंट कारोय ताकाच हा निष्णात पिस्तूलबाज. परंतु १९३६ च्या ऑलिंपिकसाठी केवळ अधिकारी निवडावयाचे, म्हणून त्यास वगळण्यात आले. तो निर्बंध उठला, तोच १९३८ साली हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने गुपचूप डाव्या हाताने सराव आरंभिला व १९३९ साली हंगेरीचे अजिंक्यपद मिळविले. महायुद्धामुळे पुढील दोन ऑलिंपिक झालीच नाहीत. अखेर १९४८ साली लंडनला, वयाच्या ३८ व्या वर्षी, ५८० गुणांचा जागतिक उच्चांक करून त्याने सुवर्णपदक जिंकले. १९५२ साली हेलसिंकीस पुन्हा तेच!

ज्ञातिबांधवहो, निकामी हाताची उणीव त्याने अभ्यासाने भरून काढली. मात्र हात धडधाकट असता त्यास अडविले ते हुद्द्याने. मुलांस पहिली गोष्ट सांगताना दुसरीही सांगावी, असे आम्हांस वाटते.